पंपाच्या तोंडातली हळद

पंप माज्या मांडीवर हुता आन् पोरगी पोटाशी बांधलेली. राहुरीपासून घरापतुर मी मोटरसायकलवर अशीच आले, एक हात पोरीच्या डोक्यावर, एक हात पंपाच्या दांडीला. लोखंडाचा गोळाच तो, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला, दर खड्ड्याला माज्या मांडीत रुतायचा. लोनीच्या पुढं आल्यावर मांडी ओली लागली. मला वाटलं पोरीनं केली. बघते तर तेल. साडीवरचा तो डाग अजून गेला न्हाई, सोडा लावला, राकेल लावलं, काय उपेग न्हाई झाला.

मी पुढं वाकून ह्यांच्या कानात म्हनले, "अवो, गळतोय ह्यो."

"गळू दे. तेल हाय म्हंजी जिता हाय," हे म्हनले.

हे त्या दिवशी लई खूश हुते. पाठीमागनं बी कळत हुतं मला, मान कशी ताठ हुती त्यांची.

हा पंप पान्याचा न्हवं. फ्रीज, एसी दुरुस्त करनाऱ्यांकडं असतो तो. फ्रीजची नळी कुठं फुटली आन् गॅस उडून गेला, की आधी ती नळी सांधायची. मग आतली हवा सगळी ओढून काढायची, ओलीचा अंश बी ठेवायचा न्हाई, आन् मग नवा गॅस भरायचा. ती हवा ओढायला हा पंप. व्हॅक्युम मारायचा म्हनतात त्याला. ह्यांनी पुन्यात एका एसीवाल्याच्या हाताखाली काम केलेलं, म्हनून ह्यांना सगळं ठावं. मला ह्यातलं काय बी ठावं न्हवतं. माजी शाळा आठवीत सुटली. मला एवढंच समजलं हुतं, की हा पंप चालला तर हे घरी राहत्यात, आन् न्हाई चालला तर पुन्याला जात्यात.

आन् हे घरी राहनं मला का पायजे हुतं ते सांगते.

आमची वस्ती संगमनेरच्या पुढं, अकोल्याच्या अंगाला, सडकेपासून आत. चारी बाजूनं ऊस. पत्र्याचं घर, पुढं पडवी, शेजारचं घर हाक मारली तर ऐकू येईल न येईल असं. उसात बिबट्या हाय. हाय म्हंजी सगळ्यांनाच ठावं हाय, आमच्याकडं त्यात काय नवल न्हाई, कुनाचं कुत्रं गेलं, कुनाची शेळी गेली. गेल्या थंडीत पोरीला न्युमोनिया झाला तवा हे पुन्यात हुते. घरोघरी फिरनाऱ्या आशाताईनं मला शिकवून ठेवलेलं, पोर खोकलं तर झबलं वर करून बघायचं, श्वास घेताना बरगड्याच्या खाली खड्डा पडतो का. छाती आत ओढली जाती का. ओढली जात आसंल तर थांबायचं न्हाई, दवाखाना गाठायचा. मी झबलं वर केलं आन् खड्डा पडत हुता. दर श्वासाला. जनू आतून कोन तरी कातडं ओढतंय.

दिस बुडत हुता. फोन लावते तर ह्यांना लागंना. मग मी पोरगी घेतली छातीशी आन् सासूबाई, आमी आत्याबाई म्हनतो त्यांना, त्यांनी जेवायचं ताट घेतलं आन् उलथनं घेतलं. आत्याबाई पुढं, ताट बडवत, आन् मी मागं पळत, दोन्ही बाजूनं ऊस सळसळतोय. आत्याबाईंना डोळ्यानं कमी दिसतं, तरी त्या पुढं. "ए मुडद्या, ए भाड्या, हो बाजूला," अशा उसाला शिव्या देत चाललेल्या. मला धाप लागली हुती, बाळंतपनापासून माज्या अंगात रक्त कमी हाय, चार पावलं पळलं की छाती भरून येते. पोरीचा बी श्वास ओढलेला आन् माजा बी. सडकेला दुधाचा टेम्पो भेटला म्हनून पोरगी वाचली. दवाखान्यात तिच्या नाकाला नळी लावली.

दुसऱ्या दिवशी हे आले. पोरीकडं बघत उभे राहिले कितीतरी येळ. मग म्हनले, "न्हाई जात आता."

तेवढं एक वाक्य मी धरून ठेवलं.

पन घरी राहून करायचं काय? जमीन आमच्या वाट्याला हाय ती दोन सरीची. हे म्हनले, माज्याकडं गेज हाय, सांधायचं पितळ हाय, हात हाय, फकस्त पंप पायजे. उन्हाळ्यात सगळ्यांचे फ्रीज बिघडतात. हा उन्हाळा बघू. जमलं तर जमलं, न्हाई तर पुन्याचा मालक अजून बोलवतोयच. ते शेवटचं ते मला मुद्दाम सांगत न्हवते, सहज बोलले. पन मला सहज ऐकू आलं न्हाई.

पंप जिच्याकडनं आनला ती राहुरीची बाई, तिचा नवरा फ्रीजचा मेकॅनिक हुता. तो वारल्यावर सामान तसंच पडून हुतं. आमी गेलो तवा तिनं पाटावर पंप आनून ठेवलेला, फडक्यानं पुसून. सामानाच्या खोलीला खिडकी अशी न्हवतीच. भिंतीला वरपर्यंत काळपट चिकट थर. मी बोट लावलं तर बोटाला आलं.

"धूर हाय तो," बाई म्हनली. "पंप चालू केला की तेलाचा धूर निघतो. दार लावून काम करायचे, धूळ येती म्हनून. किती सांगितलं. शेवटी छातीनंच गेले." मग माज्या पोरीकडं बघून म्हनली, "तू दार उघडं ठेवत जा गं बाई."

मी ह्यांच्याकडं बघितलं तर हे पंपाला कान लावून बसलेले.

पंपाला वर एक तोंड हाय, अंगठ्याएवढं, हवा तिथनं आत जाती. त्याचं पितळी टोपन सापडंना. बाईनं सगळे डबे पालथे केले, कपाट बघितलं, पलंगाखाली वाकली. "इथंच असायचं. ते कुठं बी ठेवायचे न्हाईत," असं म्हनत राहिली, आन् शोधता शोधता मधीच बसली आन् डोळे पुसले. मग दुधाच्या पिशवीचा तुकडा कापला, तोंडाला लावला आन् वरनं रबर बांधलं.

"तोंड उघडं ठेवू नका. कचरा गेला की पंप मेला म्हनायचे."

निघताना मी म्हनले, "मावशी, हळदी-कुकू लावून द्या की."

ती मागं सरली. "माज्या हातून नको. सासू हाय ना तुला? तिला सांग घरी गेल्यावर. आमचे मालक दसऱ्याला लावायचे, बाहेरनं, पंपाच्या अंगाला."

घरी आल्यावर आत्याबाईंना मी दोन्ही सांगितलं, हळदी-कुकू लावा म्हनली आन् तोंड उघडं ठेवू नका म्हनली. पन आत्याबाईंनी तिसरंच धरलं.

"मेलेल्या मानसाचं हाय व्हय?"

"आई, मेकॅनिकचं हाय," हे म्हनले.

"मेकॅनिक काय, मेलेलाच ना. त्याचा जीव घुटमळत आसंल त्यात."

"घुटमळू दे. तेवढीच मदत हुईल मला."

आत्याबाई हसल्या न्हाईत. मी बी न्हाई.

पडवीत पूर्वी शेळ्या बांधायचो. बिबट्यानं शेळी नेल्यापासून त्या इकून टाकल्या, जागा मोकळीच हुती. ह्यांनी ती झाडून घेतली, जुनं दार दोन ठोकळ्यावर आडवं टाकलं, झालं टेबल. लाईटीची वायर घरातून ओढली. पंप चालू झाला की थरथरतो, नाचत नाचत खाली पडंल म्हनून टायरची ट्यूब कापून त्याच्या पायाखाली घातली. दोनदा उचलून ठेवला, तिरपा तर न्हाई ना म्हनून वाटीत पानी घेऊन बघितलं. पंपाच्या पोटाला एक गोल काच हाय, त्यात तेल दिसतं, दोन रेघांच्या मधी पायजे. गळून कमी झालेलं, ह्यांनी संगमनेरहून पंपाच्या तेलाची बाटली आनलेली, ती वतली. काचंत तेल चढलं, अगदी पान्यासारखं नितळ. हे मला दाखवत हुते. इतके दिवस ह्यांनी मला कधी काय असं दाखवलं न्हवतं.

माज्या डोक्यात एकच. हवा ओढतो.

मी म्हनले, "अवो, पोरगी आत झोपलीय."

"मग?"

"हवा ओढतो ना ह्यो. घरातली हवा ओढली तर?"

ह्यांनी माज्याकडं बघितलं, हसू आलं त्यांना. "अगं येडे, घरातली न्हाई ओढत. नळीतली ओढतो."

"नळी घरातच हाय की."

"बरं, झोळी बाहेर बांध. लिंबाला बांध. बास?"

मी बांधली. हसू देत मला, पन मी त्या खोलीतल्या भिंतीचा थर बोटानं बघितला हुता, आन् ती बरगड्याखालची खळगी बघितली हुती. पोरगी लिंबाखाली झोळीत, आन् मी झोळीला हात लावून, तिथनंच बघत उभी.

ह्यांनी बटन दाबलं. पंप आधी खोकला, धूर सोडला पांढरा, आन् मग एकसारखा घुमायला लागला. ह्यांनी पिशवीचा तुकडा काढला आन् तोंडावर अंगठा ठेवला. "ये, ये, बघ, कसा अंगठा धरतोय!" म्हनून मला हाक मारली. अंगठा काढला की पचकन आवाज यायचा. परत ठेवायचे. बारक्या पोरासारखं चाललेलं.

तेवढ्यात आत्याबाई ताम्हन घेऊन आल्या. हळद, कुकू, तांदूळ, उदबत्ती. मी झोळी सोडून ताम्हन धरायला पळाले, कारन त्यांना उंबरा दिसत न्हाई. त्यांनी पंपाच्या अंगाला बोटं लावली, दांडीला लावली, काचेच्या वर लावली. ह्यांनी बी हात जोडले. तेवढ्यात पिनीतून ठिनगी उडाली, हे वायरकडं वळले, अंगठा निघाला. आत्याबाईंनी चिमूट भरून हळद घेतली आन् हातानं चाचपत पंपाच्या तोंडाकडं नेली.

"अवो आत्याबाई, तोंडाला नको..." मी म्हनले.

"तोंडाला न लावून कसं चालंल गं? देवाला जेवान काय पाठीवर वाढत्यात?"

बोटं उघडायच्या आधीच हळद गेली. फुर्र करून. चिमूट रिकामी. एक कन खाली पडला न्हाई.

आत्याबाईंचं तोंड असं उजळलं. "घेतली! बघ, बाळा, घेतली त्यानं! राहतोय तुजा धंदा!"

हे वळले. बटन बंद केलं. पंपाचा आवाज जिरत जिरत बंद झाला आन् काचंतलं तेल हळूहळू पिवळं झालं, नुस्तं पिवळं, हळदीच्या अंगासारखं. धुरालाबी हळदीचा वास आला, फोडनी जळल्यावर येतो तसा.

हे आईवर वरडले न्हाईत. वरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खालची चावी खोलली, तेल पातेल्यात काढलं. परत तेल घातलं, पंप फिरवला, परत काढलं. परत घातलं. बाटली संपत आली. तरी काचंतला पिवळा रंग जात न्हवता. तेलाला रंग चढला की चढला. पन हे म्हनले, रंगाचं काय न्हाई, आत पाती असत्यात, लई गुळगुळीत, त्यांच्यात भुकटी गेली आसंल तर ओरखडे पडत्यात. मग दम धरत न्हाई पंप.

आत्याबाई उंबऱ्यावर बसलेल्या. "मी काय केलं?" असं त्यांनी दोनदा इचारलं. तिसऱ्यांदा इचारलं न्हाई.

"काय न्हाई आई. चालंल," हे म्हनले.

पैलं काम आलं ते सडकंच्या रसवंतीवाल्या तात्याचं. उसाचा रस इकनारा मानूस, त्याचा बर्फाचा मोठा फ्रीज बंद पडलेला. पाडव्याच्या आत पायजे म्हनला. टेम्पोतून उतरवून पडवीत ठेवला. तात्या तोंडाचा लई चालू.

"काय रे, पुन्यात एसीवाल्यांचे बंगले थंड केले आन् आता माजा बर्फ?"

"तुमचा बर्फ पैला तात्या," हे म्हनले.

"बघ हां. माजा फ्रीज म्हंजी माजी दुसरी बायको हाय. पैलीपरीस जास्त बोलतो हिच्याशी."

ह्यांनी फुटकी नळी शोधली, सांधली. ते मी बघितलं, निळ्या जाळावर पितळ वितळून नळीभवती फिरलं, लई सुबक केलं. मग पंप जोडला. मधी गेज, म्हंजी हवा किती ओढली ते दावनारं घड्याळ, त्याला काटा. काटा शुन्याच्या खाली खाली जाऊन एकदम टोकाला जायला पायजे. तात्या रसवंतीला गेला. मी झोळी परत लिंबाला बांधली.

काटा जात हुता. पन हळू. टोकाच्या अलीकडं आला आन् तिथं रेंगाळला. हे काचेवर नखानं टकटक करायचे. परत थांबायचे. ऊन वर आलं. शेवटी काटा टेकला, टेकला असं ह्यांनी म्हनलं, मला तरी थोडा अलीकडंच दिसत हुता. त्यांनी गेजचा कान, म्हंजी त्याची चावी, फिरवून बंद केला, पंप बंद केला.

"आता चहा ठेव. चहा पिऊन हुईपतुर काटा हलला न्हाई म्हंजी आपन जितलो."

मी चहा ठेवला. आलं बी घातलं न्हाई, कुटायला येळ लागंल म्हनून. कपात वतला आन् उभ्या उभ्याच पिऊन टाकला. असा भाजला चहा, जीभ चार दिस बधिर हुती. मला वाटलं चहा लवकर संपला तर काटा हलायच्या आधी संपंल. ह्यांनी बघितलं माज्याकडं, कप बघितला माजा रिकामा. त्यांना कळलं. त्यांनी बी बशीत वतून एका घोटात संपवला.

दोघांनी काट्याकडं बघितलं.

काटा हलला हुता. केसभर. पन हलला हुता.

"ओल आसंल आत. परत लावतो. लई येळ लावून ठिवतो," हे म्हनले. पंप परत चालू केला, कान उघडला. काटा परत खाली जायला लागला, आन् हे म्हनले, बघ, जातोय, जाईल.

पोरगी उठली, रडायला लागली. मी कपबश्या ईसळत हुते, म्हनून ह्यांनी तिला झोळीतून उचलली, हिंडवत पडवीत आले. मी म्हनले, धुरात नका आनू तिला. ते म्हनले, दार उघडं हाय की, एवढी भिऊ नको. पोरगी काट्याकडं हात करत हुती. हे तिला म्हनत हुते, "बघ, बाबाचा काटा. बाबाचा काटा कुठं चाललाय?"

आन् लाईट गेली.

लाईट गेली की हा पंप उलटा फिरतो म्हना, जुना हाय, आतली झडप बसत न्हाई. फ्रीजच्या नळ्यात हवाच न्हाई, मग त्या पंपातलं तेल ओढून घेत्यात. लाईट गेल्या बरोबर गेजचा कान बंद करायचा असतो, एका हाताच्या झटक्यात. ह्यांना ठावं हुतं. पुन्यात शंभरदा केलं आसंल. पन हातात पोरगी हुती. टेबलावर सांधायचा गॅस, पितळाचं तापलेलं टोक, खाली हत्यारं. त्यांनी आधी इकडं तिकडं बघितलं, मग पोरगी माज्याकडं दिली, माजे हात ओले, ते पुसून मी तिला घेतली. मग वळून कान फिरवला.

गेजच्या मधी बारकी काच असती. तीत पिवळं तेल चढलेलं. पार वरपर्यंत.

हे बघत राहिले. मी बी. पोरगी हसत हुती.

फ्रीजच्या आत केसाएवढी बारीक नळी असती म्हनं, तिच्यात तेल गेलं की तुंबती. ह्यांनी दोन दिस झगडून बघितलं. फुंकून काढलं, धुवून काढलं. पिवळं येतच राहिलं. तात्या आला तवा ह्यांनी खरं ते सांगितलं, लपवलं न्हाई. तात्यानं ऐकून घेतलं. पाडवा तोंडावर आलेला, चिडला आसंल, पन तोंडानं हसला.

"म्हंजी तुज्या पंपानं माज्या बायकोला हळद लावली म्हन की. मग लगीन बी लावून टाक, मी अक्षता टाकतो."

आन् टेम्पोत घालून फ्रीज संगमनेरला घेऊन गेला. त्याचं काय चुकलं?

पन तात्याच्या रसवंतीवर दिसभर मानसं बसत्यात. त्यानं हसायला म्हनून सांगितलं आन् सगळी हसली. हळदीवाला मेकॅनिक. "काय हळदीवाले, किती लग्नं लावली?" दूध आनायला गेले तर बाया मला बी म्हनायच्या, फ्रीज द्यायचा हाय गं, मुंडावळ्या कोन आननार, तुमी का आमी? वाईट म्हनून न्हवं. चेष्टा म्हनून. पन चेष्टेच्या मानसाला कोन फ्रीज देतं? शेजारच्या वस्तीवरच्या काकूचा फ्रीज बिघडला, आमच्या दारावरनं टेम्पो गेला, हे पडवीत उभेच हुते. काकूनं हात केला. ह्यांनी बी केला.

संध्याकाळी ह्यांनी पुन्याला फोन लावला. मी भाकरी करत हुते. त्यांचं बोलनं ऐकू येत हुतं, हो मालक, हो मालक. माजी भाकरी तव्यावर जळाली. म्हनायचं लई हुतं. न्हाई जात आता असं तुमी म्हनला हुता, हे म्हनायचं हुतं. पन काय खायला घालनार हुते मी त्यांना, ते वाक्य?

आत्याबाईंनी पिशवी भरून दिली. चटनी, शेंगदाने, धुतलेले कपडे. देवापुढं दिवा लावला, पन ह्यांच्या कपाळाला काय लावलं न्हाई. हात वर नेला आन् तसाच खाली घेतला. तवापासून हळदीच्या करंड्याला त्या हात लावत न्हाईत. सनाला बी मलाच म्हनत्यात, तूच लाव.

राहुरीच्या बाईचा मधी फोन आला. टोपन सापडलं म्हनली. नवऱ्याच्या जुन्या शर्टाच्या खिशात हुतं, बोहारनीला द्यायला शर्ट काढला तर टनकन खाली पडलं.

"येऊन घेऊन जा. चालतोय ना गं पंप?"

मी म्हनले, "चालतोय, मावशी."

"दार उघडं ठेवती ना?"

"व्हय."

"बरं वाटलं बाई. त्यांचा जीव हुता त्याच्यात."

ते टोपन आनायला कोन गेलं न्हाई.

पंप अजून पडवीत हाय, टायरच्या ट्यूबीवर. हे फोनवर म्हनले, नुस्ता पडून राहिला तर जाम हुईल, अधनं मधनं चालू करत जा. कुनी घेतला तर इकून टाकू. म्हनून मी एकदा चालू केला, तिन्हीसांजंला, काम आवरल्यावर. पत्र्याच्या पडवीत तो इतका घुमला की उसातली पाखरं उडाली. तवा माज्या ध्यानात आलं. आमच्याकडं बिबट्या जवळ येऊ नये म्हनून कोन फटाके वाजवतं, कोन रेडिओ मोठ्यानं लावतं. घरात मानसाचा वावर हाय असं वाटलं पायजे त्याला.

आता मी रोजच लावते. दिस बुडायच्या टायमाला. आधी पोरीला आत्याबाईंजवळ आत नेऊन ठेवते, आतलं दार लावते, पडवीचं उघडं ठेवते. पदर नाकाला धरते. बटन दाबते. तोंडाला ती दुधाची पिशवी बांधलेलीच हाय, पंप चालू झाला की ती आत ओढली जाती, तिला खड्डा पडतो. मी तिकडं बघत न्हाई. बघितलं की आत जाऊन पोरीचं झबलं वर करून बघावं लागतं मला. काय नसतं, झोपलेली असती, पोट नीट वर-खाली होत असतं. तरी बघते.

ह्यांचा फोन बहुतेक त्याच येळेला येतो. त्यांना मागचा आवाज ऐकू येतो.

"चालू हाय व्हय?"

"हाय."

"काच बघ. तेल कितीय?"

"रेघांच्या मधी हाय."

"रंग?"

"पिवळा."

त्यांच्या मागं पुन्याच्या गाड्यांचा आवाज येतो, माज्या मागं पंपाचा.

"बरं. चालू दे. पोरगी खोकत न्हाई ना?"

"न्हाई."

काल असंच बोलता बोलता लाईट गेली. पंप जिरत जिरत बंद झाला, आन् एवढं सामसूम झालं की ऊस ऐकू यायला लागला. हे फोनवर हॅलो हॅलो करत हुते, काय झालं, काय झालं. मी म्हनले, काय न्हाई, लाईट गेली. आन् पडवीचं दार लावून घेतलं, कडी घातली. आत आत्याबाईंनी पोरगी मांडीवर घेतलेली, दुसऱ्या हातात ताट आन् उलथनं धरून बसल्या हुत्या.